वसंताच्या सायकलीचा ब्रेक

"मले सायकल खोलाले-जोडाले शिकवा," मी म्हणाले.

डोमाजी निखाडे घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे कुठून येतात ते बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. समोर गिरणीचं फाटक होतं. दुपारची पाळी आत गेली होती आणि उन्हामुळं रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. टिनाच्या छपराखाली एक पंप, एक लोखंडी पेटी, वर टांगलेली रिकामी चाकं आणि आम्ही दोघं.

"कोणाची सायकल?" त्यांनी विचारलं.

"पयले कोणाची बी. मंग आमच्या घरची."

ट्यूब त्यांच्या हातातून सुटली आणि पाण्यावर तरंगायला लागली. आमच्या घरची म्हणजे कोणती, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वसंताची सायकल. माझ्या नवऱ्याची. तो होता तोवर मी त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. आता सर्रास काढते, मला अडवणारं कोण उरलंय?

आमच्या गावाबाहेर नदीवर जुना रपटा आहे, पाण्याच्या जेमतेम वर असलेला बिनकठड्याचा पूल. गावाकडून रस्ता मोठ्या उतारानं खाली येतो आणि रपट्यापाशी एकदम डावीकडे वळतो. जो वळणार नाही त्याच्यासमोर डोह. आदल्या वर्षीच्या श्रावणात एका संध्याकाळी गिरणी सुटल्यावर वसंतानं डोमाजींच्या दुकानातून दुरुस्तीला टाकलेली सायकल घेतली, घराकडे न येता नदीकडे गेला आणि वळला नाही. दुसऱ्या दिवशी आधी तो सापडला, मग सायकल.

पोलीस जमादारानं सायकल तपासायला डोमाजींकडेच नेऊन टाकली, कारण गावात या कामातलं कळणारा माणूस तोच. त्याच्या दुसऱ्या सकाळी डोमाजी स्वतः सायकल ढकलत चावडीपुढे आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चूक माही आहे. पुढच्या ब्रेकाले मी नवे रबर टाकले. एका बाजूचं घर उलटं बसलं. त्यानं उतारावर ब्रेक दाबला अन् रबर फेकल्या गेलं."

हे समजायला मिस्त्री असावं लागत नाही. ब्रेकचं रबर लोखंडाच्या बोटभर घरात सरकवलेलं असतं. त्या घराचं एक तोंड बंद, एक उघडं. बंद तोंड पुढे ठेवायचं, म्हणजे फिरतं चाक रबराला ओढतं तेव्हा ते तिथं अडतं. उलटं बसवलं तर जोरानं ब्रेक दाबल्याबरोबर रबर निसटून जातं. मागचा ब्रेक वसंतानं कधीच काढून टाकला होता; गिरणीतले निम्मे लोक पुढच्या एकावरच भागवायचे.

वसंताचा थोरला भाऊ भास्कर तिथंच होता. त्यानं डोमाजींच्या कानाखाली जाळ काढला, दुकानात जाऊन पंप उचलून रस्त्यावर आपटला. डोमाजींनी हातसुद्धा वर केला नाही. तेव्हापासून अर्धी गिऱ्हाइकं बसस्टँडजवळच्या दुसऱ्या दुकानात जायला लागली. ह्याच्या हातानं माणूस गेला, असं बायका नळावर बोलायच्या. मीही बोलले आहे, उगाच सोवळेपणा कशाला दाखवू?

पण माझ्या डोक्यातला किडा काही मरत नव्हता. गिरणीपासून आमचं घर उजवीकडे आणि नदी डावीकडे. तो तिकडे गेलाच कशाला? ब्रेकनं नेला असेल तर मी छाती पिटून रडणार होते आणि पोरीला घेऊन पुढे जगणार होते. ब्रेकनं नेला नसेल तर तो आम्हाला सोडून गेला होता. यातलं कोणतं खरं, हे मला कळल्याशिवाय चैन पडणार नव्हतं.

सायकल आमच्या घरात मागच्या खोलीत उभी होती, वर पोतं टाकून. सासूबाई त्या खोलीत पाऊल टाकत नसत. मी जायचे, पण दुपारी जायला भ्यायचे. ऊन तापून गल्ली ओस पडली की मला एक आवाज यायचा. पायडल मारणं थांबवून सायकल उतारावर सोडली की मागच्या चाकातून टिकटिक येते ना, तो. दाराबाहेर येऊन बघावं तर रस्ता रिकामा. आत गेलं की पुन्हा सुरू. कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं असतं तर सासूबाईंनी देवऋषी आणला असता आणि भास्करनं डॉक्टर.

"बाई, तुले माह्या हाताखाली काम कराले जमन?" डोमाजींनी विचारलं. "लोक काय म्हणतीन?"

"लोक म्हणूनच राहिले. तुम्ही शिकवता का नाई, ते सांगा काकाजी."

त्यांनी घमेलं पायानं माझ्याकडे सरकवलं. "तुले नाही म्हणाचा मले अधिकार नाई. बस. भोक सापडव."

त्या दिवशी घरी महाभारत झालं. भास्कर उंबऱ्यात उभा राहून ओरडत होता, "ज्यानं माह्या भावाले मारलं, त्याच्याच दुकानात जाऊन बसाची तुले लाज नाई वाटत?"

"त्यानं काय केलं ते त्याच्याइतकं कोण शिकवन भाऊजी?" मी म्हणाले. सासूबाई नुसत्या चित्राला, माझ्या पोरीला, मांडीवर घेऊन हलत बसल्या होत्या.

धंदा शिकवायची डोमाजींची रीत वेगळीच होती. हातात पाना देतच नव्हते. आधी पंक्चर, पंक्चर आणि पंक्चर. मग मला डोळे मिटून बसवायचे आणि सायकल उलटी करून चाक फिरवायचे. "काय बोलते?" मी म्हणायचे, काही नाही. "आणखी आयक." हळूहळू चाकं माझ्याशी बोलायला लागली. कोरडे पडलेले छर्रे वेगळे कुरकुरतात, फुटलेला छर्रा वेगळा खडखडतो, आणि छर्रे ज्यात बसतात तो कप घासला असला की नुसती घरघर येते. "पयले कान, मंग बोटं," ते म्हणायचे, "पाना तं कोणी बी फिरवते."

मग चाक बांधायला दिलं. सगळ्या तारा सोडून पुन्हा ओवायच्या, ताण द्यायचा आणि चाक लंगडत असेल तर एकेक तार आवळत, सैल करत त्याचा आऊट, म्हणजे डुलणं, काढायचा. पहिलं चाक मी बांधलं ते बघून डोमाजी म्हणाले, "याच्यावर जाऊन पायजो. चालली तं सर्कसमधी घेतीन तुले." मी रागानं ते सगळं सोडलं आणि पुन्हा बांधलं. बोटांची सालटी निघाली, नखांत ग्रीस बसलं ते आजवर निघालेलं नाही.

आणि सायकल चालवायला लावली. मिस्त्रीला चालवता आलीच पाहिजे, नाहीतर गिऱ्हाइकाच्या तक्रारीतलं त्याला काय कळणार? सकाळी शाळेच्या मैदानावर नऊवारी खोचून मी पडायचे आणि उठायचे. पोरं टाळ्या पिटायची. 'रत्नमाला मिस्त्री' हे नाव तेव्हाच पडलं, चेष्टेत पडलं आणि चिकटून बसलं. पुढे दुकान माझंच झालं तेव्हा पाटीवर मी तेच रंगवून घेतलं.

पण ब्रेकला मला हात लावू देत नव्हते. ब्रेकचं काम आलं की ते माझ्याकडे पाठ करून बसत आणि स्वतः करत. "हे माह्याकडं राहू दे," एवढंच म्हणत. काम झालं की स्वतः सायकलवर बसून गिरणीच्या भिंतीपर्यंत जाऊन, करकचून ब्रेक ओढून परत येत आणि मगच गाडी देत. चटका बसलेला माणूस आहे, मी मनात म्हणायचे. मला त्यांची दया यायला लागली होती आणि त्या दयेचाही राग यायचा.

हिवाळ्याच्या सुमारास माझ्या हाताला एवढं वळण आलं की मी घरच्या सायकलीवरचं पोतं काढलं. मडगार्डमध्ये डोहाचा गाळ वाळून टणक झाला होता. ब्रेक बघितला. डाव्या बाजूचं घर रिकामं होतं आणि त्याचं उघडं तोंड पुढे होतं, म्हणजे उलटं. उजव्या बाजूचं बरोबर होतं, त्यातलं रबर जागेवर. डोमाजी म्हणाले होते तस्संच. मी पोतं परत टाकलं, खोलीच्या दारात बसले आणि पोटभर रडले. तो आम्हाला सोडून गेला नव्हता. त्याला ब्रेकनं नेलं होतं.

नंतरही मी दुकानात जात राहिले. खरं तर जे बघायचं ते बघून झालं होतं, पण हातांना काम आवडायला लागलं होतं. दुपारची ती टिकटिक मात्र थांबली नाही. मला वाटलं होतं थांबेल.

उन्हाळ्यात डोमाजी तापानं पडले. बायको त्यांची कधीच वारली होती आणि मुलगी लांब दिली होती. मी सकाळी त्यांना पेज नेऊन द्यायचे आणि दुकान एकटीच सांभाळायचे. अशात एक दिवस कृष्णा गवळी आला. त्याच्या सायकलीला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन.

"ब्रेकाचे रबर गेले वो बाई. टाकून द्या."

"काकाजीले बरं वाटू दे, मंग या."

"मंग कसा येऊ? रोज रपटा उतरा लागते मले. तुमचंच माणूस..." तो बोलता बोलता थांबला. "माफ करा."

त्याचं वाक्य अर्धं राहिलं म्हणूनच मी ते काम घेतलं. पेटीतून नवी रबरं काढली. ब्रेकचं कोरं रबर मी त्यापूर्वी असं जवळून बघितलंच नव्हतं. रिमला टेकणारा त्याचा चेहरा गुळगुळीत होता आणि त्याच्या मधोमध उभी, बारीक शिवण. साच्याचे दोन भाग जुळतात तिथं राहते ती. नखाला सहज लागत होती. घरांत रबरं सरकवली, बंद तोंडं पुढे आहेत ना ते तीनतीनदा बघितलं आणि डोमाजींसारखीच गाडीवर बसून भिंतीपर्यंत गेले. ब्रेक दाबला. गाडी थांबली.

परत येऊन वाकून बघितलं, रबर नीट टेकतं का. टेकत होतं. दोन्हीकडची शिवण पुसून गेली होती. एकदा दाबलं आणि गेली. तिच्या जागी राखाडी पट्टा उमटला होता.

कृष्णा गेला. मी घासलेटानं हात धुवायला बसले. हात धुता धुता मला आठवलं. उजव्या बाजूचं रबर जागेवर होतं. घरच्या सायकलीचं. ते मी बघितलं होतं, पण बघायला हवं तसं बघितलं नव्हतं.

भर दुपारी दुकान तसंच टाकून मी घरी आले. सासूबाई झोपल्या होत्या, चित्रा शाळेत होती. पोतं ओढून काढलं. गाळाचा पापुद्रा पदरानं पुसला, ब्रेकमध्ये बोट घालून रबराच्या तोंडावरून नख फिरवलं.

शिवण होती. वरपासून खालपर्यंत शाबूत होती.

मी पुन्हा फिरवलं. पुन्हा लागली. ब्रेक दाबल्याशिवाय डावं रबर फेकलं जाणार नाही, आणि ब्रेक दाबला असता तर उजव्याची शिवण राहिली नसती. डोमाजींच्या दुकानापासून डोहापर्यंत ह्या ब्रेकला कोणी हातच लावला नव्हता. मला वाटतं मी त्या वेळी किंचाळले असेन, कारण सासूबाई आतून "काय झालं वो?" म्हणून विचारत होत्या. मी काही नाही म्हणाले.

चाकात हवा नव्हती तरी सायकल ढकलत मी डोमाजींच्या घरी नेली. ते ओसरीत बाजेवर पडले होते. सायकल बघून कोपरावर उठून बसले.

"काकाजी," मी म्हणाले, "याच्या रबराची शिवण गेली नाई."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "सापडली तुले."

"त्याईनं ब्रेक दाबलाच नाई."

"नाई."

"मंग हे घर उलटं कोणं केलं?"

"मीच." त्यांचा आवाज तापानं घोगरा झाला होता. "जमादारानं सायकल आणून टाकली. मी पायलं. दोन्ही रबरं जागेवर, दोन्हीची शिवण शाबूत. मले तवाच समजलं. एक रबर काढलं, घर फिरवलं, अन् सकाळी चावडीवर येऊन सांगतलं."

"कायले पण? तुम्हाले कोणं सांगतलं होतं असं कराले?"

"कोणी नाई." ते थोडा वेळ धापा टाकत राहिले. "सायकलीनं माणूस गेला तं लोक मिस्त्रीले शिव्या देतात. माणूस सोताहून गेला तं घराकडं बोट दाखवतात. बायको कशी होती, माय कशी होती, भावानं काय केलं होतं. तुह्या पदरात पोट्टी होती, रत्नमाला. ते मोठी झाली असती, तरी तिले कोणी सोडलं नसतं."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले नाहीत. संताप आला. ह्या माणसानं माझ्या नवऱ्याचं मरण मला न विचारता बदलून टाकलं होतं आणि मी त्यावर पोटभर रडून घेतलं होतं.

"एवढं केलं तं दुसऱ्या रबराची शिवण बी घासून टाकाची होती. दगडावर दोन हात मारले असते तं झालं असतं. मले कधी समजलंच नसतं."

"दगडापाशी बसलो होतो घेऊन. हात नाई चालला." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "वाटलं, कुठीतरी एवढं खरं राहावं. अन् मंग तू दुकानात आली. रोज वाटे, आज सापडन इले, आज सापडन. म्हणून तुले ब्रेक देत नव्हतो."

"ते काय बोलले होते? सायकल न्याले आले तवा?"

"काई नाई. मी आपल्या सवयीनं म्हटलं, थांब, ओढून पाहतो. हँडलले हात घातला. तं म्हणे, राहू द्या काकाजी, काई गरज नाई." डोमाजींनी तोंडावरून हात फिरवला. "मले वाटलं, घाई असन. मिस्त्री असून मले समजलं नाई. माणूस ब्रेकाचं काम करून घेते अन् पाहू देत नाई, हे माह्या ध्यानात याले पायजे होतं. मी सोडून देलं. तेवढी चूक माहीच आहे."

"पण मंग नवे रबर टाकले कायले?" मी ओरडलेच. "जाचं होतं तं ब्रेक दुरुस्त कोण करते?"

"तेच तं मी बी इचारतो सोताले." त्यांनी सायकलीच्या दांडीकडे बोट केलं. "सकाळी सायकल टाकून पाळीवर गेला, तवा मले काय म्हणे माहीत आहे? जुने रबर गेले काकाजी, नवे टाका. पोट्टीले पुढं बसवून नेतो, भेव वाटते." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "सकाळी त्याले भेव वाटत होतं. संध्याकाळी नाई."

त्या दिवशी गिरणीत काय झालं होतं, कोणी काय बोललं होतं, की काहीच झालं नव्हतं, हे मला आजतागायत समजलेलं नाही. मी त्याच्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला आडून आडून विचारलं. सगळे एकच सांगतात, वसंता रोजच्यासारखाच होता. सकाळी त्यानं माझ्या हातची पोळी खाल्ली होती आणि चित्राच्या कानात काहीतरी कुजबुजून तिला हसवलं होतं.

"मी आता जाऊन भाऊजीले सांगते," मी म्हणाले. "तुमच्या कानाखाली मारली त्यानं. सगळ्या गावासमोर."

"सांग." त्यांनी उशीवर डोकं टाकलं. "तुहा नवरा, तुही सायकल. मी तुले अडवत नाई अन् सांग बी म्हणत नाई."

मी सायकल ढकलत निघाले. दुकानात आले. पुरावा हातात होता, कोणालाही दाखवला असता तर पटला असता. भास्कर गिरणीतच फिटर होता, त्याला तर नख फिरवल्याबरोबर कळलं असतं. मी दोन्ही चाकांना नव्या ट्यूबा टाकल्या, चेनला तेल दिलं, हँडल सरळ केलं. उलटं बसवलेलं घर सुलटं केलं, त्यात एक कोरं रबर सरकवलं. हे सगळं मी का करते आहे, ते मला धड ठाऊक नव्हतं. हात रिकामे ठेवायचे नव्हते, एवढंच.

सायकल घेऊन रस्त्यावर येते तो समोरून भास्कर. चित्राला शाळेतून आणत होता, आपल्या सायकलीच्या दांडीवर बसवून. वसंता गेल्यापासून तोच तिला आणायचा. डोमाजींच्या नावानं आग पाखडणारा हा माणूस पोरीच्या बाबतीत अगदी मऊ होता.

"हे कायले बाहेर काढली?" तो थांबून म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

चित्रा दांडीवरून वाकून बघत होती. "बाबाची सायकल नं वो? जे डोमाजीनं बिघडवली होती?"

माझ्या जिभेवर सगळं होतं. एक वाक्य बोलायचं होतं आणि डोमाजींच्या कपाळावरचा डाग पुसला गेला असता. भास्कर माझ्याकडे बघत होता. पोर माझ्याकडे बघत होती. तिच्या मनात तिचा बाप तिच्याकडेच यायला निघाला होता आणि वाटेत एका मिस्त्रीच्या चुकीनं हरवला होता. तिनं ते पक्कं धरून ठेवलं होतं आणि त्याच्या आधारावर ती शाळेत जात होती, जेवत होती, झोपत होती.

"हो," मी म्हणाले. "ब्रेक नीट केला. पाहून येते."

"दूर नोको जाऊ," भास्कर हळू आवाजात म्हणाला आणि पोरीला घेऊन गेला.

मी नदीच्या रस्त्याला लागले. ऊन कलायला लागलं होतं, रस्त्यानं कोणी नव्हतं. उतार सुरू झाला तिथं मी पायडल मारणं थांबवलं आणि गाडी सोडून दिली. वारा तोंडावर यायला लागला, पदर फडफडायला लागला. मला भीती वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही, आणि तेच भयंकर होतं. काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. गाडी आपली आपण नेत होती. त्यालाही असंच हलकं वाटलं असेल का, हा विचार आला आणि डोह समोर दिसायला लागला, हिरवा, गच्च भरलेला.

मी मूठ आवळली.

गाडी थांबली. घसरली नाही, हेलपाटली नाही. वळणाच्या बरीच अलीकडे, रस्त्याच्या मधोमध जागच्या जागी उभी राहिली आणि मी एक पाय जमिनीवर टेकून तिच्यावर. खाली उतरून बघितलं. दोन्ही रबरांवर राखाडी पट्टा होता. शिवण गेली होती. आता दाखवायला काही उरलं नव्हतं, भास्करलाही नाही आणि पुढे कधी चित्रालाही नाही. डोमाजी पुढे बरीच वर्षं जगले आणि गावाच्या लेखी माणूस मारणारा मिस्त्री म्हणूनच गेले; ते मी माझ्या हातानं पक्कं केलं होतं, समजून-उमजून.

पण तिथं रस्त्यात बसून मी हंबरडा फोडला तो त्यासाठी नाही. फार चांगला ब्रेक बसवला होता हो डोमाजींनी. जोरसुद्धा लावावा लागत नव्हता. त्यानं नुसती मूठ आवळायची होती.